विषाची परीक्षा आणि कुलस्वामिनी

पत्राचा सारांश

पत्र लिहिणाऱ्या भगिनी चव्वेचाळीस वर्षांच्या असून पुण्याच्या उपनगरात राहतात आणि एका खासगी कार्यालयात हिशेबाचे काम पाहतात. सासरचे मूळ गाव सातारा जिल्ह्यात, कुलस्वामिनी तुळजापूरची भवानी. सासरे होते तोवर दर वर्षी गावच्या घरी कुळधर्म आणि गोंधळ होत असे. "मामंजींनी चाळीस वर्षांत एकदाही कुळधर्म चुकवला नाही, माझे मोठे दीर एकोणिसाव्या वर्षी विहिरीत बुडून गेले, त्या वर्षीही नाही," असे त्यांनी आदराने लिहिले आहे. तीन वर्षांपूर्वी सासरे गेले, गावचे घर बंद झाले आणि कुळधर्म राहून गेला. गेल्या वर्षभरात पतीच्या कंपनीने एक विभाग बंद केला, त्यात अडतीस जणांबरोबर त्यांचीही नोकरी गेली. पंधरा वर्षांच्या मुलीला टायफॉइड झाला, बरा झाला आणि तीन आठवड्यांनी पुन्हा उलटला. नणंदेच्या ओळखीच्या एका ज्योतिषाने कुलदेवीचा कोप आणि पितृदोष असे निदान करून ८५ हजार रुपयांची शांत सांगितली आहे. मुलीला सोळावे लागण्याच्या आत ती झाली नाही तर "पुढचे मी सांगू शकत नाही" असेही तो म्हणाला. पैसे द्यायचे तर मुलीच्या अकरावीसाठी ठेवलेली मुदत ठेव मोडावी लागेल. देवांचे टाक सासऱ्यांच्या पश्चात यांच्याकडे आले; ते कपाटात काळे पडलेले पाहून नणंद म्हणाल्या, "बघ, ती रागावलीच आहे." पती हे सगळे थोतांड म्हणून उडवून लावतात. भोवतालचे लोक म्हणतात, "करून टाका, विषाची परीक्षा कशाला घ्यायची?" भगिनी लिहितात, "माझा विश्वास नाही, पण रात्री अडीचला जाग येते आणि वाटते की करून टाकावे." त्यांचे प्रश्न दोन आहेत. शांत करावी का? आणि श्रद्धेतून भीती वजा केली तर हाती काही उरते का, की धर्म म्हणजे मुळातच भीती?

उत्तर

ताई,

तुमचे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. रात्री अडीचच्या जागेबद्दलचे वाक्य लिहिताना तुम्हाला संकोच वाटला असावा, कारण त्याच्या आधी तुम्ही तुमच्या शिक्षणाचा उल्लेख केला आहे आणि नंतर क्षमा मागितली आहे. प्रथम तो संकोच बाजूला ठेवू या. विश्वास नसतानाही भीती वाटणे यात ढोंग नाही आणि दुबळेपणाही नाही. विश्वास ही विचाराने ठरणारी गोष्ट आहे, भीती विचाराच्या आधी येते. आपल्याकडे वेदान्ताने दोरी आणि सापाचा दृष्टान्त भ्रम समजावण्यासाठी वापरला, पण त्यात माणसाच्या स्वभावाचाही एक हिशेब दडलेला आहे. अंधारात दहा वेळा दोरीला साप समजून मागे सरणाऱ्याचे फारसे काही जात नाही. एकदाच सापाला दोरी समजणाऱ्याचे सगळे जाते. आपण सगळे त्या मागे सरणाऱ्यांचे वंशज आहोत. त्यामुळे संकटामागे कुणीतरी आहे, कुणाचा तरी हात किंवा कुणाचा तरी राग आहे, असे वाटण्याकडे आपल्या मनाचा ओढा जन्मतःच असतो. शिक्षणाने तो ओढा ओळखता येतो, पण नाहीसा होत नाही.

तो ओढा केव्हा जोर धरतो हेही पाहण्यासारखे आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात मालिनोव्हस्की हा मानववंशशास्त्रज्ञ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला होता. त्याला असे दिसले की तेथील कोळी खाडीच्या शांत पाण्यात मासे धरत तेव्हा कोणताही तोडगा किंवा मंत्र करत नसत, कारण तिथे मासे हमखास मिळत आणि जिवाला धोका नसे. मात्र खुल्या समुद्रावर जायचे असले की मंत्रतंत्रांचा सविस्तर विधी होई. माणसे तीच आणि मासेमारीही तीच होती, अनिश्चितता मात्र वेगळी होती. तुम्हीही रोज कार्यालयात जमाखर्च जुळवताना कुलदेवीच्या कोपाचा विचार करत नसाल, कारण तिथे चूक कुठे आहे ते शोधता येते. नोकरी आणि लेकीचा ताप या दोन गोष्टी तुमच्या हातातल्या नाहीत, आणि दोन्ही एकाच वर्षात आल्या. अशा वर्षी भीती वाटली नसती तरच मला नवल वाटले असते.

पण भीती वाटणे समजण्यासारखे असले तरी भीतीने सांगितलेले कारण खरे ठरत नाही. त्याचा पुरावा शोधायला मला बाहेर जावे लागले नाही, तो तुमच्याच पत्रात आहे. तुमच्या सासऱ्यांनी चाळीस वर्षे कुळधर्म चुकवला नाही, आणि त्याच चाळीस वर्षांत त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा विहिरीत गेला. कुळधर्म केल्याने घराचे रक्षण होते आणि चुकवल्याने घरावर संकट येते, असा जर नियम असता तर तो त्या वर्षी कुठे गेला होता? हे मी दुखावण्यासाठी विचारत नाही. उलट मला वाटते की त्या वर्षीही हात जोडून उभे राहिलेल्या त्या माणसाने कुळधर्माला संरक्षणाचा करार मानलेच नसावे. मानले असते तर मुलगा गेल्यावर त्यांनी करार मोडला म्हणून तो बंद तरी केला असता, किंवा आपलेच काही चुकले म्हणून भीतीने दुप्पट तरी केला असता. त्यांनी तो होता तसाच चालू ठेवला. या गोष्टीकडे मी पुढे परत येणार आहे.

दुसरा पुरावा तुमच्या पतीच्या कंपनीत आहे. त्यांच्याबरोबर विभागातल्या आणखी अडतीस जणांची नोकरी गेली. त्या अडतीस घरांची कुलदैवते निरनिराळी असतील. काही घरांत कुळधर्म अगदी यथासांग होत असेल, काहींचे धर्मही वेगळे असतील. नोकऱ्या गेल्या त्या कंपनीच्या एका निर्णयाने. मुलीच्या टायफॉइडचेही तसेच. तो दूषित पाण्यातून वा अन्नातून आलेल्या जंतूंमुळे होतो, आणि बरा झाल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी काही रुग्णांमध्ये तो उलटतो, हे डॉक्टरांना चांगले ठाऊक असते. या दुसऱ्या वेळी औषधांचा संपूर्ण कोर्स डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापर्यंत पुरा झाला आहे ना, आणि घरातले व बाहेरचे पिण्याचे पाणी कसे आहे, हे दोन प्रश्न तिच्या प्रकृतीसाठी पत्रिकेपेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहेत.

आता त्या वाक्याकडे येते, जे तुम्हाला सगळ्यांनी ऐकवले: विषाची परीक्षा कशाला घ्यायची? आपल्याकडे हे वाक्य इतके रुळले आहे की ते बोलणाऱ्याला आपण काय बोललो हे जाणवतही नाही. वरवर पाहता ते शहाणपणाचे वाटते. केले आणि कोप नव्हताच, तर पैसे गेले एवढेच. नाही केले आणि कोप असलाच, तर लेकरू गेले. सतराव्या शतकात पास्कल नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने ईश्वरावर श्रद्धा ठेवण्याच्या बाजूने साधारण अशाच पैजेचा हिशेब मांडला होता. पण ही पैज एकदा मान्य केली की ती थांबत नाही. आज एका ज्योतिषाने एक दोष सांगितला, उद्या दुसरा दुसराच सांगेल, आणि तिथेही पैज तीच राहील. पैशाला मर्यादा आहे, पण भीती घालणाऱ्याने पलीकडच्या पारड्यात तुमचे मूल ठेवलेले असल्यामुळे अलीकडच्या पारड्यात कितीही रक्कम ठेवली तरी ती कमीच भासणार. तुम्ही हिशेबाचे काम करता. एका बाजूला नेहमी अमर्याद आकडा मांडलेला असेल तर त्याला आपण ताळेबंद म्हणत नाही, हे तुम्हाला माझ्याहून अधिक कळते.

या वाक्याबद्दल मला याहूनही अधिक खुपते ते वेगळेच. विषाची परीक्षा म्हणताना आपण विष कुणाला म्हणत असतो? जिला आपण आई म्हणतो, जिची ओटी भरतो, जिच्यापुढे आपले मूल पहिल्यांदा बाहेर न्यायचे तेव्हा नेऊन ठेवतो, तिला. तीन वर्षे नैवेद्य आला नाही म्हणून पंधरा वर्षांच्या पोरीला तापात टाकणारी आई जर आपल्या डोळ्यांपुढे उभी राहत असेल, तर हे चित्र कुणी रंगवले, याचा शोध घ्यायला हवा. शेजारची एखादी बाई अशी वागली असती तर आपण तिच्या घरी पाऊलही टाकले नसते. तुमचा देवीवर विश्वास आहे की नाही हा प्रश्न मी तुमच्यावर सोडते, पण ज्योतिषाने सांगितलेल्या या देवीवर विश्वास ठेवणे म्हणजे तुमच्या सासऱ्यांनी चाळीस वर्षे जिची पूजा केली तिच्याविषयी अत्यंत वाईट मत बनवणे आहे, असे मला मनापासून वाटते.

इथे तुमचा दुसरा, मोठा प्रश्न येतो. धर्म म्हणजे मुळात भीतीच का? हा विचार जुना आहे. जगात देव प्रथम भीतीने निर्माण केले, असे पहिल्या शतकातल्या रोमन कवीने लिहून ठेवले आहे, आणि १९२७ साली लंडनमधल्या एका व्याख्यानात बर्ट्रांड रसेल यांनी धर्माचा पाया प्रामुख्याने भीती हाच असल्याचे सांगितले. या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. आपल्याच गावांकडे पाहा. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपलीकडे लोटून द्यायचा, म्हणजे संकट आपल्या गावातून निघून शेजारच्या गावाच्या माथी जाईल, ही प्रथा भीतीतूनच आली होती. 'जागृत देवस्थान', 'कडक देवी', 'उग्र दैवत' हे शब्द आपण आजही कौतुकाने वापरतो आणि त्यांत धाकच भरलेला असतो.

परंतु सुरुवात भीतीने झाली म्हणून सगळे भीतीच आहे, असे मात्र म्हणता येत नाही. माझ्या आजीच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. आपल्या भाषेने त्या रोगाला नावच 'देवी' दिले, इतकी त्याची दहशत होती. रोग आला म्हणायचे नाही, 'देवी आल्या' म्हणायचे. घरात फोडणी द्यायची नाही, दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधायचे, आणि आजाऱ्याशी पाहुण्यांशी बोलावे तसे बोलायचे. आजी वाचली, तिची धाकटी बहीण वाचली नाही. पुढे लस घराघरांत पोचली, तिलाही आपण 'देवी टोचणे' असेच म्हणू लागलो. भारतात या रोगाचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला, आणि मे १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. म्हणजे ज्या भीतीतून एका देवीची पूजा इतकी पसरली, ती भीती समूळ नाहीशी झाल्याला आता चार दशकांहून अधिक काळ लोटला. मुंबईत माहीमला शीतलादेवीचे देऊळ मात्र आजही आहे, रस्त्यालाही तिचेच नाव आहे, आणि तिथे आजही बायका ओटी भरतात. त्यांच्यापैकी कुणालाही देवी येण्याची भीती उरलेली नाही. काही सवयीने जात असतील हे मला मान्य आहे, पण सगळ्या सवयीने जात नाहीत. माझी आजी शेवटपर्यंत जात असे आणि तिथे काही मागत नसे. मी विचारले तेव्हा ती म्हणाली होती, "बहिणीची आठवण ठेवायला मला दुसरी जागा कुठे आहे?"

भीती वजा केल्यावर काय उरते, हे तुम्ही विचारलेत. माझ्या आजीपुरते तरी हे उरले होते. प्रत्येकाच्या बाबतीत काही उरेलच असे मी म्हणत नाही. काहींच्या हाती काहीच उरणार नाही, आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे मान्य करून देवाधर्माशिवाय चांगले जगावे, यातही मला गैर काही दिसत नाही.

मराठीत 'पापभीरू' असा एक शब्द आहे आणि तो आपण स्तुती म्हणून वापरतो. दहा रुपये जास्त लागले म्हणून रात्री पुन्हा वह्या उघडून बसणारा कारकून आपल्या दृष्टीने पापभीरू असतो. त्याच्याही मनात भीतीच असते, पण आपले काय होईल यापेक्षा आपल्या हातून कुणाचे काय होईल याकडे त्या भीतीचे तोंड असते. ही भीती मला हवी आहे. तुमच्याकडे ती आहे, हे मुदत ठेव मोडण्याचा विचार तुम्हाला जो टोचतो आहे त्यावरून दिसते. ज्योतिषाने तुमच्या मनात घातलेली भीती या जातीची नाही. महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर सर्वांत अधिक वाचले जाणारे धार्मिक वाक्य कोणते, असे मला कुणी विचारले तर मी रिक्षांच्या आणि टेंपोंच्या काचांवर अक्कलकोटच्या स्वामींच्या चित्राखाली लिहिलेले 'भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे' हे वाक्य सांगेन. हे वाक्य भ्यालेल्या माणसालाच सांगायचे असते, म्हणजे भीती तिथेही आहेच. पण तिथे तिला धीर दिला जातो, ती वाढवून तिचे मोल वसूल केले जात नाही. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी आली आहे, तिचा पहिला शब्द 'अभय' आहे. कुणी धर्माच्या नावाने सल्ला दिला की आपण एवढेच पाहावे: याच्यापाशी येताना माझ्यात जेवढी भीती होती, उठताना त्याहून कमी आहे की अधिक?

आणि ज्या गोंधळासाठी हा सगळा कोप सांगितला जातो, तो गोंधळ तुम्ही पाहिला आहे. आठवून पाहा. चौक मांडलेला, ज्वारीची पाच धाटे एकत्र बांधून उभी केलेली, खाली कलश, दिवटीतून टपटपणारे तेल आणि संबळाचा घुमणारा आवाज. गोंधळी काय म्हणतात? तुळजापूरच्या भवानीला, कोल्हापूरच्या अंबाबाईला, जेजुरीच्या खंडेरायाला, गावोगावच्या देवांना नावे घेऊन ते बोलावतात, गोंधळाला या म्हणतात. ते आमंत्रण असते. ज्याच्या रागाला आपण थरथरतो त्याने न आलेलेच बरे असे वाटते. बोलावतो ते आपल्या माणसाला. शिवाय आपल्या कुठल्याही पूजेच्या शेवटी गुरुजी जी क्षमाप्रार्थना म्हणतात तिचा अर्थ तुम्हाला माहीत असेल: मला आवाहन येत नाही, विसर्जन येत नाही, पूजाही येत नाही, क्षमा कर. चुकणे गृहीत धरूनच ती पूजा बांधलेली आहे. जी परंपरा दर पूजेत चुकांची माफी आधीच मागून ठेवते, तिच्या नावाने तीन वर्षांच्या खंडाची शिक्षा एका मुलीला सांगणे मला तरी परंपरेला धरून वाटत नाही.

आता काय करावे ते सांगते. ८५ हजारांची शांत करू नका, आणि त्यासाठी ठेव मोडू नका. हे मी आडपडदा न ठेवता सांगते, कारण इथे मोघम बोलणे तुम्हाला परत त्याच अंधारात सोडण्यासारखे होईल. ज्या सल्ल्यात मुलाच्या जिवाची धमकी, ठराविक मुदत आणि मोठी रक्कम या तीन गोष्टी एकत्र येतात, तो सल्ला देणारा कितीही सौम्य बोलत असला तरी तिथून उठावे. अशा स्थितीतल्या इतर वाचकांनीही सल्ला देणाऱ्याला सरळ विचारावे की हेच घरच्या घरी, नारळ आणि पाच फुलांत केले तर चालेल का. "नाही" असे उत्तर आले तर ते कशासाठी नाही, हे ओळखणे अवघड जात नाही. कुणी याच्या पुढे जाऊन औषध बंद करा म्हणाले, आजाऱ्याला मारहाण वा उपास घडवला, किंवा अंगात दैवी शक्ती असल्याचे सांगून दहशत घातली, तर प्रकरण सल्ल्याचे राहत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, आणि त्यांनी ज्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी महाराष्ट्रात झाला. त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पूजा, वारी, कीर्तन, कुळधर्म यांना तो कायदा हात लावत नाही, हेही लक्षात ठेवावे. अनेकांचा याबाबत गैरसमज असतो.

रात्री अडीचच्या जागेसाठी एक साधा नियम करा. त्या वेळी घेतलेला कुठलाही निर्णय सकाळी पाळायचा नाही. उशाशी वही ठेवा आणि जाग आली की तारीख घालून, कशाची भीती वाटली ते एका ओळीत लिहा. समोरचा रकाना रिकामा सोडा आणि महिन्याने तिथे प्रत्यक्षात काय झाले ते भरा. हे मी उगीच सांगत नाही. १९४८ साली स्किनर या मानसशास्त्रज्ञाने भुकेल्या कबुतरांना ठराविक वेळाने आपोआप दाणे मिळतील अशी व्यवस्था केली होती. कबुतरे काहीही करोत, दाणे येणारच होते. तरी आठांपैकी सहा कबुतरांनी, दाणे पडले त्या क्षणी आपण जे करत होतो तेच पुन्हा पुन्हा करायला सुरुवात केली; एक गोल गोल फिरू लागले, एक पिंजऱ्याच्या कोपऱ्याकडे डोके उडवू लागले. आपलेही असेच होते. बहुतेक ताप उतरतात, बहुतेकांना उशिरा का होईना काम मिळते, आणि मध्ये शांत केलेली असली तर श्रेय तिला जाते. खरी ठरलेली भीती आपल्या लक्षात राहते, खोट्या ठरलेल्या शंभर भीत्या आपण कुठे लिहून ठेवत नाही. त्या लिहून ठेवा. झोपेचा हा त्रास दोन-तीन आठवड्यांहून अधिक राहिला तर मात्र डॉक्टरांना भेटा, किंवा शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत.

तुमच्या पतीचे म्हणणे मला बव्हंशी पटते, पण त्यांची रीत पटत नाही. ज्याला भीती वाटते त्याला थोतांड हा शब्द ऐकवला की भीती जात नाही, फक्त ती बोलून दाखवण्याची सोय जाते. त्यांना एवढेच सांगा की मला तुमच्याशी देव आहे की नाही यावर वाद घालायचा नाही, मी घाबरले आहे हे ऐकून घ्या. नोकरी गेलेला माणूसही घाबरलेलाच असतो, आणि तो आपली भीती अनेकदा रागाच्या आवाजात बोलतो. ठेवीला दोघांच्या संमतीशिवाय हात लावायचा नाही, एवढे ठरले तरी घरात बराच निवांतपणा येईल.

नणंदेविषयी तुम्ही थोड्या कडवटपणाने लिहिले आहे. पण तीन वर्षांपूर्वी त्यांचेही वडील गेले आणि त्याच वेळी माहेरचे घरही बंद झाले. गोंधळाच्या रात्री ज्या घरात त्या हक्काने येत असत, तिथे आता कुलूप आहे. "देवी रागावली" असे म्हणताना त्या कदाचित "बाबांचे सगळे संपले" असे म्हणत असतील, आणि ते म्हणायला त्यांच्यापाशी दुसरे शब्द नसतील. त्यांना ज्योतिषाबद्दल समजावत बसू नका. त्यांना विचारा की दोन दिवस गावी जाऊन घर उघडायचे का, झाडलोट करायची का, जमेल तसा साधा कुळधर्म करायचा का. त्याआधी मात्र स्वतःला एक प्रश्न विचारा: यानंतरही नोकरी लवकर लागली नाही, लेकीला पुन्हा ताप आला, तरी हे केल्याचे मला समाधान वाटेल का? उत्तर होकारार्थी आले तर अवश्य करा, आणि ऐपतीत करा. नकारार्थी आले तर यंदा नका करू. तुमच्या सासऱ्यांनी मुलगा गेला त्या वर्षी जो कुळधर्म केला तो या प्रश्नाला 'हो' म्हणून केला होता, असे मला वाटते.

लेकीच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे राहू देऊ नका. तिने विचारले, देवी आपल्यावर चिडली आहे का, आणि तुम्ही विषय बदललात असे लिहिले आहे. पंधराव्या वर्षी मूल गप्प बसते तेव्हा ते विसरलेले नसते. घरातल्या अडचणींचे मूळ आपला आजार आहे असे ते मनाशी धरून बसते. तिला जवळ बसवून सांगा की टायफॉइड पाण्यातून आला, तुझ्यावर कुणीही चिडलेले नाही, मी घाबरले होते आणि घाबरल्यामुळे त्या दिवशी मला बोलता आले नाही. आई घाबरते आणि तरीही शांतपणे विचार करू शकते, हे तिने पाहिले तर तिच्या पुढच्या आयुष्यात ते तिला उपयोगी पडेल. त्या ज्योतिषाचे वाक्य तिच्या कानावर पडले असेल तर तेही उघडपणे बोला. तिच्या सोळाव्या वाढदिवसावर त्याची सावली राहता कामा नये.

राहता राहिले टाक. चांदी हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे काळी पडते. लोकरीच्या कपड्यांजवळ किंवा रबराजवळ बंद ठेवली तर अधिकच. तुम्ही लिहिले आहे की ते लाल कापडात बांधून स्वेटरांच्या कप्प्यात ठेवले आहेत आणि सोवळे मोडेल या भीतीने तीन वर्षांत त्यांना हात लावलेला नाही. येत्या सुट्टीच्या सकाळी ते बाहेर काढा, लेकीला शेजारी बसवा आणि दोघी मिळून हलक्या हाताने, बारीक रांगोळी लावून ओल्या मऊ फडक्याने पुसा. नक्षीच्या खाचांत जोर लावू नका, ठसा झिजतो. कोणत्या टाकावर कोण आहे हे तिला सांगा. तुम्हाला ओळखू आले नाही तर नणंदेला फोन करा, त्यांना नक्की येईल.